भिंतीवरचे दोन म्हातारे

गंगाराम भाटकराचं कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की दर्शनाबाईंनी लपवून ठेवलं. शाळेच्या स्मरणिकेसाठी मुख्याध्यापिकेने माझ्याकडून त्याच्यावर वीस ओळी लिहून घेतल्या. त्या छापून आल्या, गोड होत्या, सगळ्यांना आवडल्या. हे जे आता लिहितेय ते त्या वीस ओळींत न मावलेलं.

गंगाराम मिरकरवाडा बंदरावर होड्या रंगवतो. वय चौसष्ट. अंगाने सुक्या बोंबलासारखा, खाकी अर्धी चड्डी, आणि त्या चड्डीवर गेल्या वीस वर्षांत रंगवलेल्या सगळ्या होड्यांचे डाग. बाप दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. आई गोदूबाई सुकी मासळी विकायची. चौथीत शाळा सुटली, कारण ह्याला वाचता येईना. आता ह्यातली गंमत बघा. वाचता येत नव्हतं, पण बंदरावरच्या होड्यांची नावं तो ओल्या वाळूत काडीने हुबेहूब काढायचा. अक्षर म्हणजे त्याला चित्र. 'क' दिसतो कसा ते आधी ठाऊक, त्याला 'क' म्हणतात हे नंतर कळलं. अजूनही वाचतो ते बोट ठेवून, एकेक अक्षर चाचपत. आणि लिहितो मात्र असं, की गंगारामची तारीख मिळेपर्यंत लोक नवी होडी पाण्यात घालत नाहीत.

त्याचा स्वतःचा एक नियम आहे. होडीवर नाव घालायचं ते एकदाच. खोडायचं नाही, पुसायचं नाही. चुकलं तर फळीच बदलायची. एकेचाळीस वर्षांत त्याने एकही फळी बदलायला लावलेली नाही, हे बंदरावर कुणीही सांगतं, तुम्ही विचारा न विचारा.

आणि मी? मी लांज्याची, रत्नागिरीत दिलेली. कोल्हापूरला राहून चित्रकलेचा रीतसर डिप्लोमा केलेली बाई. एकोणतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवतेय, येत्या मे महिन्यात निवृत्त होणार. आणि लाज सोडून सांगते, वर्तुळ काढायला मला कंपास लागतो. गंगाराम ब्रश घेतो, श्वास धरतो, खांद्यातून हात फिरवतो, झालं वर्तुळ. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सौंदाळे मासे घेऊन घरी चालले होते. पिशवी खाली ठेवून बघतच राहिले. घरी आले आणि वहीत पन्नास वर्तुळं काढली. सगळी बटाट्यासारखी. आमचे हे स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, "आज जेवण आहे की भूमिती?"

त्या दिवसापासून मी मासळी घ्यायला बंदराच्या वरच्या रस्त्याने जाते. तिथून होड्या दिसत नाहीत.

माझ्याकडे एक फाइल आहे. तत्त्वज्ञांच्या आणि फार जुन्या शास्त्रज्ञांच्या चित्रांची. कोल्हापुरात असताना रद्दीच्या दुकानात एका परदेशी पुस्तकाची सुटी पानं मिळाली, तिथून हा नाद लागला. थेलीस, ॲरिस्टॉटल, आर्यभट, कणाद, असे चाळीसेक जण जमलेत. ह्यातल्या बहुतेकांचा खरा चेहरा कुणालाच ठाऊक नाही. माणूस गेल्यावर कित्येक शतकांनी कुणीतरी त्याला दाढी लावली, कपाळावर आठ्या घातल्या, की झाला तत्त्वज्ञ. आपला कणाद तर कॅलेंडरवाल्यांनीच ठरवला. शेतात सांडलेले दाणे वेचून खायचा म्हणतात, आणि कॅलेंडरवर बघावं तर दंड कसे पैलवानाचे! पण मला ही चित्रं आवडतात. ज्याला कधी बघितलं नाही त्याचा विचार वाचायचा आणि त्यावरून त्याचा चेहरा काढायचा, चित्रकाराला ह्याहून मोठी परीक्षा नाही.

ती परीक्षा मला द्यायची होती. विज्ञान दालनाची मैदानाकडची भिंत, बावीस फूट लांब. तिच्यावर नऊ जण. आलेखाच्या कागदावर आराखडा तयार करून मी तो एकामागून एक तीन मुख्याध्यापकांना दाखवला. पहिले म्हणाले बघू. दुसरे म्हणाले पुढल्या वर्षी. तिसऱ्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. चौथी आली मृणाली, माझीच विद्यार्थिनी. एलिमेंटरीला 'क' श्रेणी, तीही काठावर. तिने आराखडा बघितला आणि टाळीच वाजवली. "बाई, अप्रतिम! विज्ञान दिनाला उद्घाटन करू या!" मी हवेत. मग म्हणाली, "फक्त तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, परांचीवर कशा चढणार? चित्रं गंगारामकाका काढतील. तुम्ही मार्गदर्शन करा."

मार्गदर्शन! डोंबल माझं! म्हणजे लग्न माझं ठरलं आणि बोहल्यावर दुसरीच. मी हसून "चालेल की" म्हटलं आणि वर्गावर जाऊन सहावीच्या पोरांना विनाकारण झापलं.

गंगाराम जानेवारीत आला. फाइल उघडण्याआधी नळावर जाऊन त्याने हात धुतले, चड्डीला पुसले, ती मळकी म्हणून परत धुतले. एकेक चित्र बघत विचारत होता, "बाई, हा काय करायचा ओ?" मी सांगत होते. थेलीस म्हणायचा, सगळं पाण्यातून आलं. गंगाराम मान डोलवून म्हणाला, "शाना हाय." ॲरिस्टॉटल किनाऱ्यावर बसून मासे, माकूल कापून आतून बघायचा. "मग तो आमचाच." आर्यभटाने सांगितलं, चालत्या होडीतल्या माणसाला काठावरची झाडं मागे पळताना दिसतात, तसंच तारे पळताना दिसतात, फिरतो आपण. ह्यावर गंगारामने ते चित्र परत उचलून बघितलं. मग हळूच म्हणाला, "ह्या मी रोज बघतंय. पन मना कधी सुचला नाय."

पहिला त्याने कणाद काढला. तीन दिवस लागले. माझ्या फाइलीतला पैलवान बाजूला ठेवला आणि एक वाकलेला, फासळ्या दिसणारा म्हातारा काढला. तळहातावर भाताचे चार दाणे, आणि तो ते असा बघतोय, की आता ह्याला कुणी हाक मारू नये. मधली सुट्टी झाली. पोरं धावत आली आणि भिंतीपुढे गप्प उभी राहिली. आमची पोरं! जी प्रार्थनेला गप्प राहत नाहीत! मृणालीने डोळे पुसले. गणिताच्या रुपालीबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दर्शना, खरं सांगू? हे तुला जमलं नसतं गं."

मला ठाऊक होतं की जमलं नसतं. म्हणूनच तर जीव जळला. मला वाटलं, माझी भिंत, माझी माणसं, माझी एकोणतीस वर्षं, आणि हा चौथी नापास माणूस येऊन तीन दिवसांत सगळं घेऊन जाणार. पोरं उद्या नाव घेतील ते गंगारामचं. मी कोण? मार्गदर्शन!

आराखड्याच्या मध्यभागी दोन म्हातारे होते, डेमॉक्रिटस आणि हेराक्लिटस. जुन्या युरोपातल्या चित्रकारांनी ह्या दोघांची जोडीच लावून टाकली होती. डेमॉक्रिटस हसणारा, हेराक्लिटस रडणारा. माणसांचा मूर्खपणा बघून एकाला हसू फुटतं, दुसऱ्याला रडू. शेकडो वर्षं त्यांना तसंच रंगवलंय. ज्याला ह्या विषयातलं थोडं कळतं त्याला हे कळतंच.

स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. मी दोन्ही चित्रं पालथी घातली आणि पाठीमागे माझ्या सुवाच्य अक्षरात नावं लिहिली. हसणाऱ्याच्या मागे हेराक्लिटस. रडणाऱ्याच्या मागे डेमॉक्रिटस. मग मृणालीकडे गेले आणि सुचवलं, की उद्घाटनाला पुण्याचे एक तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना बोलावू या. मोठा विद्वान माणूस, चूक दिसली तर बोलून दाखवल्याशिवाय राहत नाही. हे शेवटचं अर्थातच मी तिला सांगितलं नाही.

गंगारामने नावं बोट ठेवून वाचली. मग विचारलं, "बाई, हा डे-मॉ-क्रि-टस कशाला रडतोय ओ?"

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "त्याचं म्हणणं असं, की सगळं बारीक बारीक कणांचं बनलंय. तुम्ही, मी, भिंत, सगळं. मग एक दिवस ते कण सुटणार आणि माणूस उडून जाणार. म्हणून रडतो."

"आनि हा हसतो तो?"

"हेराक्लिटस. तो म्हणतो सगळं वाहतंय. एकाच पाण्यात दोनदा पाय घालता येत नाही, दुसऱ्यांदा घालेपर्यंत पाणी नवं आलेलं असतं. म्हणून हसतो."

गंगाराम खूश झाला. "बरोबर हाय. पान्याजवळ ऱ्हानारा हसनारच. काल जाळी रिकामी आली तर आज पानी नवा. रडत बसला तर उपाशी मरंल." आणि मग रडणाऱ्याचं चित्र हातात धरून म्हणाला, "माझ्या आयेच्या डोळ्यातनं सारखा पानी यायचा. सुक्या मासळीचा खार. लोकाना वाटायचा गोदूबाई रडते. ती रडत नसायची, हिशेबात असायची. ह्याला मी तिचे डोळे देतो. रडतोय पन बघतोय."

मी मारलेली थाप त्याने उचलली, धुऊन पुसून तिचं सोनं केलं. आठवड्याभरात ते दोन म्हातारे भिंतीवर उभे राहिले. हसणारा असा, की त्याच्याकडे बघून आमचा शिपाईसुद्धा हसायला लागला. आणि रडणाऱ्याचे डोळे बघून मिरकरवाड्यातल्या बायका टोपल्या घेऊन शाळेत आल्या. "अगो बाय, ही तर गोदूबाय! दाढी लावलेली गोदूबाय!" मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होते. मला स्वतःच्या खोटेपणाची लाज वाटायला हवी होती. मला वाटत होतं, खोटंसुद्धा ह्याच्या हातून इतकं देखणं का व्हावं?

अठ्ठावीस फेब्रुवारीला उद्घाटन झालं. शेवटचे दोन दिवस भिंत कापडाने झाकलेली होती, मीही बघितली नव्हती. पुण्याच्या पाहुण्यांनी दोरी ओढली, कापड पडलं, टाळ्या. आणि माझी नजर खाली गेली. भिंतीच्या तळाला, पांढऱ्या अक्षरांत, लाल सावली देऊन, वीतभर उंचीचं लिहिलेलं होतं: मालक – सौ. दर्शना नागवेकर.

मृणाली माझ्या कानाशी कुजबुजली, "मी काकांना म्हटलं होतं, खाली तुमचं नाव घाला. ते म्हणाले, रंगाऱ्याचा नाव होडीवर कधी असतो काय? मालकाचा असतो. भिंत शाळेची, पन ही मानसा बाईंची, फायलीतली. मालकीन त्या."

ज्या भिंतीवर नाव यावं म्हणून मी इतकी वर्षं झुरले, त्या भिंतीवर ते आलं होतं, आणि नेमकं त्या चुकीच्या खाली. पाहुणे चष्मा वर करून जवळ गेले. मी मनात म्हटलं, देवा, आज ह्यांना मोतीबिंदू होऊ दे. पण कसलं काय! भाषणात चार कौतुकाची वाक्यं झाली, आणि मग ते म्हणाले, "सौ. नागवेकरांची कल्पना उत्तम. फक्त एक मोठी गडबड झालीये. हसतो तो डेमॉक्रिटस, रडतो तो हेराक्लिटस. इथे दोघांची नावं एकमेकांना गेलीत. शाळेच्या भिंतीवर अशी चूक बरी नव्हे."

मैदानात खसखस पिकली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी काहीतरी बोलायला उठणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून गंगाराम उभा राहिला. त्या दिवशी त्याने लेंगा घातला होता.

"साहेब, ती चूक माजी," तो म्हणाला. "बाईंनी बरोबरच दिलेला असनार. मी चौथी शिकलेला मानूस, माझ्याच हातना नावा उलटी पडली. बाईंचा काय दोष नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. लगेच पटलंच सगळ्यांना! पाहुणे म्हणाले, "असू द्या, असू द्या, कलाकार माणूस आहे." आणि मी? मी उठले होते ती खाली बसले. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला गार वाटलं. सुटले म्हणून वाटलं, आणि जे हवं होतं ते झालं म्हणूनही वाटलं. गंगाराम सगळ्यांदेखत चुकला होता आणि माझं नाव स्वच्छ राहिलं होतं. चहाबरोबर मी दोन बटाटेवडे खाल्ले.

दुसऱ्या आठवड्यात मी मासळीला गेले. गंगारामची बायको सखू बाजारात बसते. माझ्या पिशवीत बांगडे घालता घालता म्हणाली, "बाईनू, आमच्या घरात रंगाचा वास नाय आज आठ दिस." मी विचारलं, का गं? "ह्यांनी ब्रश ठेवलान. म्हनतात, भिंतीवर चुकलो तो उद्या होडीवर चुकनार. नावाला चुकलेला हात होडीला लावायचा नाय. आनंदीबाईची नवी होडी पाडव्याला पान्यात जायची हाय, तिलाबी नाय म्हनून सांगितलान. डोळे तपासून आले. डाक्टर म्हनतो डोळे चांगले. तवा आता म्हनतात, डोळे नाय तर डोक्यात बिघाड असंल, बाईंनी सांगितलेला उलटा आठवता." आणि मग एक बांगडा वर टाकून म्हणाली, "शाळेत तुमी लय सांभाळून घेतलात त्यांना."

त्या बांगड्याचं कालवण माझ्या घशाखाली उतरलं नाही.

तरीही मी बोलले नाही. माणूस किती दिवस गप्प बसू शकतो हे मला तेव्हा कळलं. मृणाली म्हणाली, "बाई, काका काही भिंतीला हात लावत नाहीत. नावं तेवढी तुम्हीच बदला. खालीच आहेत, स्टूल पुरेल." म्हणजे अखेर भिंत माझ्या हातात आली! शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्टुलावर उभी राहिले. रंग कालवला, डेमॉक्रिटसचं नाव पांढरं करून टाकलं, आणि तिथे हेराक्लिटसचा 'हे' काढला. उतरून बघितला. आजूबाजूला गंगारामची अक्षरं ताठ उभी, आणि मधे माझा 'हे', मोडक्या खुर्चीसारखा. दोन पोरी मैदानातून जात होत्या. एक दुसरीला म्हणाली, "हे कुणी घाण केलं गं?"

मी तो 'हे' पुसला. मग वर बघितलं. गोदूबाईचे डोळे. रडत नव्हती ती, हिशेबात होती. मी घरी गेले, फाइलीतून ती दोन चित्रं काढली आणि रिक्षाने सरळ बंदरावर गेले. खालच्या रस्त्याने.

आनंदीबाईंची नवी होडी किनाऱ्यावर उभी होती. सगळी रंगवलेली, निळी, पिवळी, आणि पुढच्या टोकाला, नाळेवर, कुणीतरी रेडियमच्या कागदात कापून चिकटवलेलं नाव: गौरीनंदन. चकचकीत आणि निर्जीव, एखाद्या टेम्पोवर असतं तसं. आनंदीबाई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होत्या आणि त्यांना ते आवडलेलं नव्हतं. गंगाराम बाजूला वाळूवर बसून कुणाचं तरी जाळं विणत होता. सखू मासळी निवडत होती.

मी चित्रं त्याच्यापुढे पालथी ठेवली. "वाचा," म्हटलं.

त्याने बोट ठेवलं. "हे-रा-क्लि-टस." उलटून बघितलं, हसणारा. दुसरं घेतलं. "डे-मॉ-क्रि-टस." उलटलं, रडणारा. परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"ह्या तुमचा अक्षर."

"हो."

"म्हंजे मी दिल्यापरमानंच काढला."

"हो. तुम्ही चुकला नव्हता. मी मुद्दाम उलटी लिहून दिली. आणि त्या दिवशी तुम्ही उठलात तेव्हा मी गप्प बसले."

आनंदीबाई पुढे आल्या. मोठ्या तोंडाची बाई ती, सगळं बंदर तिला टरकून असतं. "शिकलेली ना गो तू?" म्हणाल्या. "पोरांना शिकवतेस ना? माझ्या होडीला कागद चिकटवायची पाळी आणलीस!" आणखीही बरंच म्हणाल्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी ऐकून घेतलं. मग त्या होडीकडे गेल्या आणि नखांनी ते रेडियम टरटर सोलायला लागल्या.

मांडीवरचं जाळं बाजूला ठेवून गंगारामने आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तसंच राहू दिलं. मग म्हणाला, "भिंतीला तुमी हात लावू नका. नावा मीच बदलीन."

मी "बरं" म्हटलं.

"खालचं माझं नावही पुसून टाका," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण मनात होतं, हा भला माणूस आहे, म्हणेल, राहू द्या बाई.

"होय, ता पन पुसनार," तो म्हणाला.

मी मान खाली घातली. चित्रं उचलून निघणार, तर त्याने विचारलं, "पन बाई, मी तुमचा काय वायट केलेला? असा कशाला केलात?"

तेव्हा मला कारणं सुचली असती. गुडघा, निवृत्ती, मृणाली. पण खरं तेच बाहेर आलं. "हेवा वाटला," मी म्हटलं. "मी डिप्लोमा केलाय. एकोणतीस वर्षं शिकवतेय. आणि तुमच्यासारखं एक वर्तुळ मला काढता येत नाही. माझ्या जिवाची आग आग होते, गंगारामभाऊ. तुमचा हेवा वाटला."

त्याला ते कळलंच नाही आधी. "कुनाचा?"

"तुमचा."

"माजा?" त्याने छातीवर बोट ठेवलं. "माजा हेवा?"

आणि मग त्याचा चेहरा असा उजळला, की मी बघतच राहिले. तो उठला, वाळू झटकली, आणि अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "गो सखू! आयकलंस काय? बाईंना माजा हेवा वाटला! शाळेच्या बाईंना! माजा!"

सखूने मासळीतून मान वर केली. "खरा काय ओ?"

"खरा! इचार त्यांना! अगो, चौसष्ट वर्सांत कुनी केला नव्हता!" आनंदीबाई, जाळीवाले, बर्फवाला, जो दिसेल त्याला तो सांगत सुटला. रंगाचा डबा मागवला, ब्रश धुतला, आणि होडीकडे जाताना मधेच थांबून परत माझ्याकडे आला. "किती दिस वाटत व्हता ओ?" त्याने हळूच विचारलं.

"वीस वर्षं," मी म्हटलं.

"वीस वर्सा!" तो स्वतःशीच म्हणाला आणि होडीवर चढला. मी किनाऱ्यावर उभी राहून बघत होते. त्याला झाला तितका आनंद मला माझ्या आयुष्यात कशाचाच झालेला नाही, आणि खरं सांगते, त्याचाही मला हेवा वाटला.